लोकचाली आणि ख्रिस्ती उपासनासंगीत : सरे ते सोलापूर

'फॉरेस्ट ग्रीन', 'किंग्जफोल्ड', 'मंक्स गेट' आणि 'किंग्ज लिन' या इंग्लंडच्या चर्चमधल्या नामांकित चाली मुळात चर्चच्या नव्हत्या. पहिलीवर नांगरणाऱ्या पोराच्या स्वप्नाचे गाणे गायले जाई. दुसरी कधी बायबलमधल्या लाझरसाच्या कथेला लागे, तर कधी एका गाजलेल्या खुनाच्या पोवाड्याला. तिसरी खलाशाच्या निरोपाची होती. चौथीत चोरून शिकार करताना सापडलेला आणि त्यापायी साता समुद्रापार कैदेत धाडलेला तरुण आपली कर्मकहाणी सांगे. चारही नावे गावांची किंवा वस्त्यांची आहेत आणि ती चाल जिथे टिपली किंवा ऐकली गेली त्या ठिकाणाची आठवण ठेवतात. १९०६ साली 'इंग्लिश हिम्नल' हा स्तोत्रसंग्रह निघाला, तेव्हा या चाली पहिल्यांदा चर्चच्या बाकांवर येऊन बसल्या.

संग्रहाचे संपादक पर्सी डिअरमर हे धर्मगुरू होते. संगीताची जबाबदारी त्यांनी राल्फ व्हॉन विल्यम्स या तरुण संगीतकारावर सोपवली. गमतीची गोष्ट अशी की, तो स्वतः श्रद्धाळू नव्हता. व्हिक्टोरियन काळातल्या गोडगुळचट चालींचा मात्र त्याला मनस्वी कंटाळा होता आणि समाजाच्या तोंडी वाईट चाल देणे हा नीतीचा प्रश्न आहे, असे तो मानत असे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लोकगीते टिपण्याची लाट आली होती. १९०३ साली सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी सेसिल शार्प यांनी पाद्र्याच्या माळ्याच्या तोंडून एक गाणे ऐकले आणि पुढचे आयुष्य या कामाला वाहिले. व्हॉन विल्यम्सनेही त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावी एका वृद्ध गायकाकडून नांगऱ्या पोराचे गाणे उतरवून घेतले. त्या गाण्यात जनावरांना शिव्या देत, चाबकाने फोडून काढणाऱ्या पोराच्या स्वप्नात देवदूत येतो आणि त्याला समज देतो. नांगरापाठी चालताना गायला अगदी बेताची अशी ती चाल. मोठी उडी नाही, की दम लागेल अशी लांबण नाही. व्हॉन विल्यम्सने ती नाताळच्या, बेथलेहेम गावावरच्या एका प्रसिद्ध गीताला लावली. इंग्लंडमध्ये ते गीत आजही बहुतेक ठिकाणी याच चालीवर गातात.

पुढच्या वर्षी ससेक्समध्ये मंक्स गेट इथे हॅरिएट व्हेरॉल या बाईने गायलेली खलाशाची चाल त्याने घेतली. ती जॉन बन्यनच्या ग्रंथातल्या यात्रेकरूच्या गीताला बसवण्यात आली. बन्यनच्या त्याच ग्रंथाचे हरि केशवजींनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर मराठीत १८४१ पासून होते. म्हणजे बन्यनचा यात्रिक इंग्लंडमध्ये लोकचाल अंगावर घेईपर्यंत मराठीत त्याचे वय साठीच्या पुढे गेले होते.

लोकगीताची चाल स्तोत्राला इतक्या सहज बसते याचे कारण वृत्तात आहे. इंग्रजी स्तोत्रांचे सर्वांत रुळलेले वृत्त म्हणजे आठ, सहा, आठ, सहा अशा अक्षरांच्या चार ओळी. खेड्यातल्या कथागीताचे, ज्याला तिकडे बॅलड म्हणतात त्याचे, वृत्तही हेच. 'फॉरेस्ट ग्रीन' आणि 'किंग्जफोल्ड' या दोन्ही चाली या वृत्ताच्या दुप्पट मापाच्या आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकात बायबलातली स्तोत्रे छंदात आणणाऱ्यांनी हे वृत्त लोकांच्या तोंडचे म्हणूनच उचलले होते. त्यामुळे १९०६ साली घडले ते परके मीलन नव्हते. दोन-तीन शतके दुरावलेल्या भावंडांची गाठ पडली, एवढेच. स्तोत्रसंग्रहाच्या शेवटी वृत्तांची सूची असते आणि एका मापाचे कोणतेही गीत त्या मापाच्या कोणत्याही चालीवर म्हणता येते. चालींना स्वतंत्र नावे देण्याची गरज पडते ती यामुळेच.

महाराष्ट्रात हा प्रश्न उलट बाजूने आला. इथे चर्च परके होते, चालीही परक्या होत्या, आणि लोकांच्या तोंडचे वृत्त चर्चच्या भिंतीबाहेर मोकळे फिरत होते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले आणि १८६० च्या दशकात मिशन सोलापुरात आले. सोलापूरला तेव्हा नुकतीच रेल्वे पोचली होती. कापडाच्या गिरणीचा भोंगा वाजायला अजून दीडेक दशक होते. बॉस्टनहून आलेल्या या माणसांच्या सामानात लोवेल मेसन आणि त्याच्या पिढीने घडवलेल्या चाली होत्या, पुढे सुवार्तागायक सँकीच्या सभांमधली गाणी आली. मराठी शब्द या चालींच्या मापाने कापून शिवण्याचे काम सुरू झाले. नाव घेण्यासारखी काही गीते त्यातून निघाली, पण एकंदरीत तो अंगरखा आखूडच राहिला.

अडचण कशी येई, ते एका साध्या जागेवर दिसते. आठ-सहाच्या इंग्रजी वृत्तात ओळ हलक्या ठोक्यावर सुरू होते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. 'प्रभू' हा शब्द तिथे चपखल बसतो, कारण त्याचे पहिले अक्षर ऱ्हस्व आणि दुसरे दीर्घ. पण 'येशू' किंवा 'देवा' घेतले की गडबड होते. त्यातली दोन्ही अक्षरे दीर्घ; चाल मात्र पहिले अक्षर घाईने उरकते आणि सगळा जोर दुसऱ्यावर टाकते. 'तारक', 'पालक', 'सागर' यांसारख्या शब्दांची तर पारच ओढाताण होते, कारण त्यांचा भार पहिल्याच अक्षरावर आहे. इंग्रजी चाल आघाताने चालते, मराठी पद्य अक्षरसंख्येने किंवा मात्रांनी, आणि गाताना अक्षर लांबवण्याची सवलत घेऊन. ही सवलत चार आवाजांत बांधलेल्या पाश्चात्य रचनेत मिळत नाही; वरचा, मधला, खालचा असे सगळे आवाज एकाच वेळी पुढे सरकायचे असतात, त्यामुळे एका गायकाला मनासारखे रेंगाळता येत नाही.

दुसरी अडचण पुस्तकाची. चार-पाच कडव्यांचे स्तोत्र ओळीने म्हणायचे तर हातात पुस्तक हवे आणि वाचता यायला हवे. नगर आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या मंडळ्यांमध्ये आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. अक्षरओळख व्हायची ती मिशनच्या शाळेत, आणि तीही मुलांची आधी. वाचनाअभावी ही माणसे गाण्यात मागे होती, असे मात्र नव्हे. हलगी आणि सनई हा मांगांचा पिढीजात व्यवसाय. एकतारीवरची भजने महारवाड्यांत रात्ररात्र चालत. भजनात एक जण कडवे म्हणतो आणि बाकीचे ध्रुपद उचलतात. ध्रुपद पाठ असले की पुरे, पुस्तक लागत नाही. अख्खी वस्ती पहिल्याच रात्री गाणाऱ्यांत सामील होते.

सोलापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग तर या संगीताच्या मधोमध वसला आहे. माळशिरस तालुक्यातून आषाढात दोन्ही मोठ्या पालख्या पंढरीकडे जातात. ज्ञानेश्वरांची नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते, तर तुकोबांची अकलूज, माळीनगर, बोरगाव अशी. श्रीपूर हे गाव याच दुसऱ्या पट्ट्यातले. १९३० च्या दशकात बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्यामुळे ते नकाशावर आले. पण कारखान्याची चिमणी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून टाळमृदंगाचा गजर हा या पट्ट्यातल्या वर्षाचा ठरलेला भाग होता. या गजरात अस्पृश्य मानलेले वारकरीही चालत. पंढरपुरात पोचल्यावर मात्र त्यांना चोखोबांच्या समाधीपाशी थांबावे लागे. विठ्ठलमंदिराचे दार त्यांच्यासाठी उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ च्या मे महिन्यात. मंदिर बंद, पण अभंग खुला, अशी ही स्थिती होती. धर्म बदलला तरी कानात बसलेला अभंग त्या माणसांबरोबर चर्चमध्ये आला, यात नवल नाही. नवल वाटायचे तर तो आत यायला इतका वेळ लागला याचे वाटावे.

कारण वाट आधीच पाडलेली होती. तीही एका इंग्रजाने. विल्टशरमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोलला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत पुराणासारखा वाचला आणि गायला जाई. पण ही परंपरा कॅथलिक होती, पोर्तुगीज मुलखातली होती, आणि नगर-सोलापूरच्या प्रॉटेस्टंट मिशनशी तिचा सांधा जुळलेला नव्हता. अडीच शतकांनी तेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

ते सुरू केले अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी. १८६० च्या दशकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली, त्यांचे ते प्रमुख कर्ते. चौकट हरदासी कीर्तनाचीच ठेवली : आरंभी नमन, मग पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, मधूनमधून पदे, साक्या, दिंड्या, आणि साथीला झांज नि मृदंग. आख्यान तेवढे योसेफाचे किंवा उधळ्या पुत्राचे. श्रोत्यांना रूप ओळखीचे आणि कथा नवी, त्यामुळे बाजारच्या गावी किंवा चावडीसमोर माणसे थांबून ऐकत. ही युक्ती एकट्या ख्रिस्ती मंडळींचीच होती असेही नाही. प्रार्थना समाजाने तुकोबांचे अभंग आपल्या उपासनेत घेतले होते आणि १८८० पासून मुंबईचे बेने इस्राएलही यहुदी कथांवर मराठी कीर्तने करू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तन हे कोणत्याही धर्माला भाड्याने मिळणारे व्यासपीठ झाले होते, असे म्हटले तरी चालेल.

सांगळ्यांनी चौकट दिली; तिच्यात कविता आणली ती नारायण वामन टिळकांनी. टिळक १८६१ साली कोकणात करजगावी जन्मले, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची बरीच वर्षे नगरला मिशनच्या कामात गेली. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाची सूत्रे त्यांच्याकडे होती. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत, आणि त्यांच्या रचनांचे रूप पाहिले की हा नुसता अलंकार वाटत नाही. थोरल्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अक्षरे येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. धाकट्यात आठ-आठचे दोन चरण. टिळकांनी दोन्ही वापरले, शिवाय पदे, भजने, ओव्या. थोरल्या अभंगाच्या शेवटच्या चार अक्षरांत जो विसावा मिळतो, तिथे गाणारा हवा तितका रेंगाळू शकतो आणि टाळकरी तोवर ठेका धरून ठेवतात. 'येशू' आणि 'देवा' यांना इथे घाई करावी लागत नाही. पाश्चात्य चालीत जी अडचण होती ती अभंगात उरतच नाही. त्यासाठी काही सोडवावेही लागले नाही.

इंग्रजांना बॅलडचे वृत्त जसे, तसा मराठी माणसाला अभंग. तो पाठ असतो, कष्ट करताना गाता येतो, आणि त्याचा कर्ता कोण हे ठाऊक नसले तरी काही अडत नाही. सरेमध्ये व्हॉन विल्यम्स आणि नगरमध्ये टिळक हे एकाच दशकात एकाच गरजेने काम करत होते आणि एकमेकांच्या कामाशी त्यांचा काही संबंध नव्हता. एकाला चर्चमधले गाणे दिवाणखान्यातून बाहेर काढायचे होते, दुसऱ्याला परदेशातून घरी आणायचे होते. टिळकांचे काम अधिक अवघड होते, असे म्हणायला जागा आहे. इंग्लंडमध्ये फक्त चाल बदलली, शब्द बहुतेक जुनेच राहिले. इथे शब्द, वृत्त, चाल, वाद्य आणि गाण्याची बैठक, सगळेच नव्याने उभे करायचे होते, आणि ऐकणाऱ्यांत दोन्हीकडून नाके मुरडणारे होते. ज्या चालीवर कालपर्यंत विठोबाला आळवले ती आज येशूला कशी चालेल, ही शंका काही मिशनऱ्यांना होती, तशी ती काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांनाही होती. पेटी आणि चार आवाजांतले गाणे ही शहरी मंडळ्यांत प्रतिष्ठेची खूण झाली होती, टाळ खेड्यातला. हा भेद अजून पुरता गेलेला नाही.

व्हॉन विल्यम्सच्या कामात आणि इथल्या कामात एक मोठा फरक राहिला. त्याने चाल कागदावर उतरवली, गायकाचे आणि गावाचे नाव नोंदले, तिला चार आवाजांत बसवले आणि छापले. ती तिथे थांबली. 'फॉरेस्ट ग्रीन' आज जगभर जवळजवळ एकसारखी गातात. मराठी उपासनेतल्या देशी चाली तोंडीच राहिल्या. पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या गाण्याचा उल्लेख करायचा, ही किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून संगीत नाटकांच्या पुस्तकांनी रूढ केलेली पद्धत इथेही चालली. वाचणाऱ्याला ते मूळ गाणे येत असेल तर ठीक. ते विस्मरणात गेले की चालही गेली, किंवा प्रत्येक मंडळीने आपापली लावली. म्हणून एकच भजन नगरला एका वळणाने आणि सोलापूरला दुसऱ्या वळणाने ऐकू येते. सोलापूरकडे कानडी आणि तेलुगू शेजाराचा हेलही त्यात मिसळतो. संग्राहकाला ही गैरसोय वाटेल, पण लोकसंगीत जिवंत असते तेव्हा असेच वागते. छापील इंग्रजी चाल जतन झाली खरी, पण ती छापताक्षणी लोकगीत राहिली नाही.

महाराष्ट्रात लोकगीते गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर पुढे झाले. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या आणल्या. गी पॉयतव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूने विसाव्या शतकाच्या अखेरीस जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यातल्या काहींचे ध्वनिमुद्रणही केले. शब्दांकडे आधी लक्ष गेले आणि सुरांकडे नंतर, हे इथल्या संग्रहांचे वैशिष्ट्य. ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेज या इंग्रज समीक्षकाने मात्र सुरांसाठीच हिंदुस्थानचा दौरा केला आणि १९१४ साली 'द म्युझिक ऑफ हिंदोस्तान' हा ग्रंथ लिहिला. पुढे १९३३ मध्ये त्यानेच सेसिल शार्प यांचे चरित्र लिहिले. सॉमरसेटचा माळी आणि हिंदुस्थानचे गवई या दोहोंना गंभीरपणे ऐकणाऱ्या थोड्या माणसांपैकी तो एक. त्याच्या त्या दौऱ्याच्याच सुमारास सातारा-सांगलीकडे अर्नेस्ट क्लेमंट्स हा सनदी अधिकारी आणि निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे श्रुतींसाठी खास पेटी बनवण्याच्या खटपटीत होते, कारण साध्या पेटीचे ठोकळेबाज स्वर रागाला पुरत नाहीत. चर्चमधल्या भजनाला मात्र साधीच पेटी मिळाली आणि ती आजतागायत पुरली आहे.

टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी मुंबईत झाले. अखेरची दोन वर्षे ते साताऱ्यात 'देवाचा दरबार' या नावाने मिशनच्या चौकटीबाहेर काम करत होते. त्यांचे अपुरे काव्य 'ख्रिस्तायन' पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. या संग्रहात पाश्चात्य वृत्तांतली गीते आणि देशी भजने शेजारी शेजारी नांदतात. रविवारच्या उपासनेत दोन्ही म्हटली जातात. पहिली बहुधा उभे राहून, पुस्तक उघडून, आणि दुसरी टाळ्यांच्या ठेक्यावर. घरगुती प्रार्थनासभेत, नाताळच्या फेरीत किंवा दुखवट्याच्या रात्री भजनांकडे ओढा अधिक असतो.

उलट दिशेनेही थोडी ये-जा झाली. पुण्यातले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी मराठी संतांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद १९१९ मध्ये प्रसिद्ध केला आणि टिळकांच्याही रचना भाषांतरित केल्या. त्यांतले शिष्य होण्यासही अपात्र असलेल्याला गुरूने मित्र म्हटल्याचे एक गीत ब्रिटिश स्तोत्रसंग्रहांत गेले. मॅक्निकलनी ते आठ-सहा-आठ-सहाच्या मापात, म्हणजे नांगऱ्या पोराच्या गाण्याच्याच वृत्तात उतरवले, त्यामुळे 'किंग्जफोल्ड' किंवा 'फॉरेस्ट ग्रीन'ला दोन-दोन कडवी जोडून ते बिनतक्रार बसते. सांगळ्यांच्या एका समर्पणगीताचे भाषांतर नगरचे मिशनरी ऑल्डन क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते अमेरिकन संग्रहांत गेले तेव्हा मराठी चालीसकट गेले. तिकडच्या रिवाजाप्रमाणे चालीला स्वतंत्र नाव हवे होते. ते गावाचे न देता गीताच्या मूळ शब्दांवरून 'तन मन धन' असे ठेवले गेले.